गाळलेली अकरा माणसं

इंदुमती लघाटेच्या नाकाच्या शेंड्यावर राग असतो, हे झाशीतल्या त्या औषधकंपनीच्या कचेरीत चपराशापासून मॅनेजरपर्यंत सगळ्यांना पाठ होतं. संख्याशास्त्रात एम.एस्सी. झालेली ही बाई चुकीची सरासरी दिसली की कुणाचीही भीडभाड ठेवत नसे. नवरा विद्याधर रेल्वेत कारकून, स्वभावानं थंड. तो म्हणायचा, "इंदू, तू भांडत नाहीस ना, त्या दिवशी मला काळजी वाटते."

तो दिवस २०१७च्या मे महिन्यात उगवला. कंपनीची औषधांची गाडी दर बुधवारी गरौठा, एरच अशा गावांना जाई. मालकांनी ठरवलं, ग्राहकांचे गट पाडा आणि जिथे कामाचे ग्राहक नाहीत तिथली गाडी बंद करा. गट पाडायचं काम इंदुमतीचं. पण मॅनेजर जयसिंगनं त्याआधीच चार गटांसाठी चार रंगांची पत्रकं छापून आणली. मूल जन्मायच्या आधीच बारसं उरकणारा माणूस!

"मैडम, चार ही ग्रुप चाहिए," तो म्हणाला.

इंदुमतीनं के-मीन्स ही चालू पद्धत धरली. त्या पद्धतीला आधी किती ढीग ते सांगावं लागतं. मग ज्या ढिगाचा मध्य जवळ, त्यात ती ग्राहकाला टाकते. खोड एकच. कुणी फार लांब असले की मध्य त्यांच्याकडे ओढला जातो. तेच झालं. अठराशे ग्राहकांतल्या अकरा जणांची खरेदी इतकी दांडगी, की त्यांनी एक अख्खा ढीग बळकावला आणि बाकी सगळे उरलेल्या तिनात कोंबले गेले.

जयसिंग भडकला. "ग्यारह लोगों के लिए एक पर्चा? निकालिए इनको. दुकानदार होंगे."

चौकशी न करता आकडा फेकायचा नसतो, हे तिला चांगलं ठाऊक होतं. पण आदल्या दिवशीच त्याच्याशी दोनदा वाजलं होतं, पुन्हा भांडायचं त्राण नव्हतं, कूलर बंद होता, डोकं ठणकत होतं. "लीजिए, निकाल दिए!" म्हणून तिनं बटण दाबलं. चार ढीग कसे सुबक पडले. एरचला नऊ किरकोळ ग्राहक उरले आणि पुढल्या महिन्यापासून एरचची गाडी बंद ठरली.

जेवताना विद्याधरनं सहज विचारलं, "आज भांडण नाही?" तिला चौकशी न करता फेकलेले ते अकरा जण आठवले.

दुसऱ्या दिवशी तिनं त्या अकरांची यादी काढली आणि पहिला नंबर लावला. एरचची कुणी पार्वती होती.

"इतनी दवाई आप अकेली लेती हैं?"

"काए बिन्नू, हम अकेले काए खैहैं?" पार्वती हसली. "पूरे मोहल्ला की आय. काऊ पे फोन नइयाँ, काऊ से चलो नईं जात. सबके डाक्टर के कागज हमाए पास धरे. काए, गाड़ी तो आहै न?"

ज्यांच्याकडे फोन नाही, ज्यांना चालवत नाही, त्यांची औषधं होती ती, आणि ही बाई गाडी येईल ना विचारत होती; 'बघते' म्हणून इंदुमतीनं फोन ठेवला. तिनं बाकीचे दहाही नंबर फिरवले. एक तेवढा खरोखरच दुकानदार निघाला. नऊ जण पार्वतीसारखेच, गल्लीभराची औषधं एका नंबरावर आणणारे. आता राग आला तो कुणाचा? जयसिंगला आकड्यांतलं काय कळतं! कळत होतं ते तिला, आणि तरी तिनंच बटण दाबलं होतं. दिवसभर ती स्वतःला शिव्या घालत होती.

मग ती दुसऱ्या पद्धतीकडे वळली. हिच्यात ढीग आधी ठरवत नाहीत. सगळे सुटे असतात, जवळचे जवळच्यांशी जोडत जायचं आणि वंशवृक्षासारखं झाड तयार झालं की फांद्या कुठे लांब पडल्या ते बघायचं. किती प्रकारची औषधं घेतली, हाही आकडा तिनं या खेपेला धरला. मोजकीच औषधं गठ्ठ्यानं घेणारा दुकानदार एकटा लोंबकळत राहिला. पार्वती आणि ते नऊ जण मात्र एका वेगळ्या फांदीवर घट्ट बसले.

तिनं कागद जयसिंगच्या टेबलावर आपटला. "पाँच ग्रुप हैं."

"पर्चे तो चार छपे हैं, मैडम!"

"आग लगे पर्चों को! इनको पर्चा नहीं, गाड़ी चाहिए. एक-एक नंबर के पीछे पूरा मोहल्ला है, भैया. गलती मेरी थी, मैंने निकाले. अब मेरे नाम से लिखिए और गाड़ी चलाइए."

तिनं स्वतःची चूक कबूल केल्याचं त्या कचेरीत आजवर कुणी ऐकलं नव्हतं. जयसिंगनं कागद वाचला, कुरकुर केली आणि एरचच्या गाडीला सहा महिन्यांची मंजुरी मिळवून आणली.

पुढल्या महिन्याच्या पहिल्या बुधवारी, गाडी पोचली का ते बघायला इंदुमतीनं पार्वतीला फोन केला. "ठैरो बिन्नू, अबै बाँट रए," म्हणून पार्वतीनं फोन तसाच चालू खाली ठेवला. पलीकडून ती एकेकाला हाक मारून पुड्या देत होती. इंदुमती कानाला फोन लावून मोजत राहिली. चौदा नावं झाली. ती सगळी तिनं एका बटणानं पुसली होती.