सिस्टरबाईचा उलटा पेच

"हिलना मत," डॉक्टरीणबाई म्हणे, पण मी हलतो कशाची, औजार आत उघडंच अडकलं होतं, अन् पेच सोडायले ती जितका फिरवे तितका तो आवळतच जाये. बाहेर सासूच्या मांडीवर माझं दोन महिन्याचं पोरगं रडून राहिलं, अन् मले वाटे, आता हे लोखंड घेऊनच सेक्टर दोनमधी घरी जावं लागते. अन् जिच्या मायेपायी हे झालं, त्या आमच्या दवाखान्यातल्या सिस्टरबाईसारखी बाई अख्ख्या भिलाईत दुसरी नाई, हे मी आजही सांगतो.

बायांले आतून तपासाचं ते बदकाच्या चोचीसारखं औजार असते ना, त्याच्यासाठी ती पागल होती. जुनं थंडगार, काठाले खरबरीत, नुसतं पाहूनच बाया टेबलावरून उतरून पळत. सिस्टरबाई म्हणे, "ज्यानं हे बनवलं तो एकडाव इथं झोपला असता, तं हे असं बनलं नसतं." मग स्वतःच टेबलावर चढली, आयाले म्हणे, लाव मले. आया रडकुंडीले आली. तिचा नवरा पोलादाच्या प्लांटमधी लेथ मशीनवर होता, त्याच्याकडून काठ घासून घेतले, घासलेला काठ आपल्या गालावर फिरवून पाहे, अजून घास म्हणे. लावायच्या आधी औजार कोमट पाण्यात ठेवे, मंग मनगटावर टेकवून पाहे, जसं आपण लेकराचं दूध पाहतो. बरं, दवाखान्यात तं दवाखान्यात, इतवारच्या बाजारात टमाट्याच्या ढिगाजवळ माझ्या नवऱ्यादेखत इचारे, "काऊन वं, मागच्या वेळी कुठं टोचलं?" नवरा थैली टाकून कांद्याकडं पळाला. प्लांट उभा करायले आलेल्या एका रशियन साहेबाच्या बायकोलेही तिनं हातवारे करून हेच इचारलं म्हणतात.

बाई डावखुरी. म्हणून नवऱ्याकडून पेचाचे आटेही उलटे पाडून घेतले, डाव्या हाताले सोपं जाते म्हणे. त्या दिवशी मले टेबलावर घ्यायच्या आधी औजार माझ्याच हातात देल्लं, "घे पोरी, तूच फिरवून पाह्य, भेव जाते." मंग लावलं, अन् तेवढ्यात बाळंतपणाच्या खोलीतून हाक आली, ती धावली. तिच्या जागी आली ते डॉक्टरीणबाई नवीन, पेच उलटा फिरते हे तिले कोण सांगन.

मी आठवी फेल, डॉक्टरले काय शिकवू? पण जीव गेल्यावानी झालं तेव्हा तोंडातून निघालं, "बाई, उल्टा घुमाओ न." फिरवलं, अन् निघालं. मी हसू का रडू.

डॉक्टरीणबाई लालबुंद. कागद ओढला, पेन काढला. "किसने बनवाया ये? चोट लगी तुमको? सच बताओ, मैं रिपोर्ट लिख रही हूँ."

दारात सिस्टरबाई उभी, हात ओले. जन्मात पहिल्यांदा तिनं मले इचारलं नाई, कुठं टोचलं म्हणून.

लागलं होतं, चिमटा बसला होता चांगला. हो म्हटलं असतं तं ते औजार भंगारात, सिस्टरबाई नोकरीतून बाहेर, अन् आमच्या वाट्याले पुन्हा तेच थंड लोखंड. नाई म्हटलं, तं उद्या अशीच एखादी अडकन, जिले पेच कोणीकडं फिरते तेही माहीत नसन. मी म्हटलं, "नहीं लगा, बाई." सिस्टरबाईनं मान खाली घातली, अन् तिचं ते खाली पाहणं मले अजून झोपू देत नाई. तुमी असत्या त्या टेबलावर, तं काय सांगितलं असतं?