अॅल्युमनी म्हणजे पोसलेली पोरं

गेल्या रविवारी आमच्या कॉलेजची अॅल्युमनी मीट होती. आपल्या शहरातलंच हॉटेल, सगळ्यांना एकसारखे निळे टी-शर्ट आणि भाषणाला मी... व्हॉट्सअॅप ग्रुपवर लांबलचक लिहितो म्हणून मलाच धरलं.

मीही हौसेनं तयारी केली. 'अॅल्युमनस' हा मूळ लॅटिन शब्द, पोसणं या अर्थाच्या क्रियापदापासून आलेला. रोमन लोक दुसऱ्याच्या घरी वाढलेल्या पोराला अॅल्युमनस म्हणायचे. स्पॅनिशमध्ये त्याचा 'अलुम्नो' झाला, म्हणजे वर्गात बसलेला विद्यार्थी. इंग्रजीत मात्र कॉलेज सोडून गेलेला! आणि घटस्फोटातली 'अॅलिमनी' त्याच मुळाची... आपण तिला पोटगी म्हणतोच की.

हे सगळं मी चार दिवस घरात मोठ्यानं वाचत होतो. ऐकायला आत्या.

आत्या पिशोर गावची. आई लवकर गेली, तेव्हापासून तिनंच मला वाढवलं. मी इथं हॉस्टेलवर असताना ती पहाटे भाकरी थापून डबा पहिल्या एसटीत कंडक्टरकडं द्यायची. मी आणि माझा रूममेट रफिक स्टँडवर जाऊन तो घ्यायचो. तीन वर्षं दोघंही त्या एका डब्यावर जेवलो... आमच्याकडच्या कितीतरी पोरांची डिग्री अशी एसटीतून आलेली आहे.

आता ती माझ्याकडंच असते. रविवारी सकाळी पाहतो तर नवं लुगडं नेसून तयार. "म्या बी येऊ का रं? रफिक आला आसंल."

मी म्हणालो, फक्त कॉलेजवाल्यांनाच बोलावलंय. साफ खोटं. लोक बायका-पोरांना घेऊन येणार होते. पण आत्या बशीतला चहा भुरके मारत पिते, मोठ्यानं बोलते, कुणालाही पगार विचारते... मला तिची लाज वाटली. आडपडदा न ठेवता लिहितोय.

भाषण झकास झालं. टाळ्या पडल्या. खाली उतरलो तर समोर रफिक, डोळे भरलेले. "आत्या किधर हैं रे? अपन दोनों तो उनकेच अॅल्युमनी हुए ना."

मी म्हणालो, तिला बरं नाहीये.

मला वाटलं, विषय संपला. पण रफिकनं भरलेलं ताट तसंच टेबलावर ठेवलं आणि गाडीची किल्ली काढली. "चल, देख के आते."

रस्ताभर मी काहीतरी सबब शोधत होतो. एकही सुचली नाही.

घरी आत्या दारात शेंगा फोडत बसलेली. चांगली धडधाकट. अंगावर परत रोजचं जुनं लुगडं. रफिक तिच्या पायाशी वाकला आणि म्हणाला, "आत्या, तब्येत कशी आहे? हा सांगत होता, तुम्हाला बरं नाही म्हणून."

आत्यानं माझ्याकडं एकदाच पाहिलं. अंगावरच्या निळ्या टी-शर्टाकडंही.

मग म्हणाली, "सकाळधरनं डोकं लई दुखत व्हतं बाबा. आत्ता जरा उतार हाय."

आणि उठून त्याच्यासाठी भाकरी टाकायला गेली. रफिक स्वयंपाकघरात तिच्याशी तासभर गप्पा मारत बसला. मी बाहेर सांडलेली टरफलं गोळा करत राहिलो.

त्या दिवसापासून आत्या माझ्याशी नेहमीसारखीच बोलते. एका शब्दानं विचारलं नाही... विचारलं असतं, चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

भाषणाचा व्हिडिओ ग्रुपवर फिरतोय. काय अभ्यास, काय शब्द... अजून कौतुक चाललंय. आत्याला तो दाखवायची माझी हिंमत नाही, आणि तिनंही मागितला नाही.

या वयातही ती माझ्यासाठी खोटं बोलली, मला सांभाळून घेतलं. आणि माझ्यानं तिला दोन तास एका खुर्चीवर बसवणं झालं नाही.