कमान दारात अडली

आमचे भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, ट्रॅक्टर निवडत होते तेव्हा घरात रोज तमाशा. बाग डोंगराच्या अंगावर, उतार असा की फळांची टोपली निसटली तर थेट ओढ्यात. म्हणून हा माणूस गवंड्याची पाणसळ घेऊन झाडांच्या ओळींत उतार बघत हिंडायचा, शोरूममध्ये फरशीवर आडवा पडून ट्रॅक्टरच्या पोटाखाली डोकवायचा. सासरे चारचौघांत म्हणायचे, मुलगी बघायला एवढा फिरला असता तर एव्हाना मी आजोबा झालो असतो. भाऊजीही हसायचे. दुसरं काय करणार बिचारे?

अखेर आणला. लहानसा, बुटका, चाकं लांब फाकलेली. सीटमागे लोखंडी कमान. गाडी उलटली तर भार कमानीवर येतो आणि पट्टा बांधलेला माणूस तिच्या आडोशाला वाचतो, हे भाऊजींनी घरात प्रत्येकाला सांगितलं. मला तर भांडी घासताना दोनदा.

पण कमान शेडच्या दारातून आत जाईना. चौकटीवरच्या थोड्या विटा काढायच्या, बस्स. सासरे म्हणाले, माझ्या बापाने बांधलेल्या दाराला हात लावायचा नाही. भाऊजी बाजारात गेल्याचं बघून त्यांनी वेल्डरला बोलावलं आणि कमानच कापून टाकली.

दुसऱ्या दिवशी भाऊजी पट्टा न बांधताच सीटवर बसले. मजूर जमलेले होते. सासऱ्यांना तेवढं निमित्त पुरलं.

"पट्टा बांध. फार हौस होती ना?"

"आबा, कमान नसली की पट्टा बांधायचा नसतो. गाडी उलटली तर उडी मारता येत नाही."

सासऱ्यांनी स्वतः पट्टा ओढला आणि लहान पोराला बांधावा तसा खटकन लावला. मजूर पोट धरून हसले. पुढे जाऊन नुसता सोडायचा होता हो! पण ज्याने जन्मभर बापापुढे मान वर केली नाही, तो त्या दिवशी कुठून करणार?

वरच्या ओळीत एक चाक जुन्या खुंटावर चढलं. गाडी इतकी सावकाश कलंडली की शेजारून चालणारा मजूर आरामात बाजूला झाला. भाऊजींची बोटं पट्ट्याच्या खटक्यावरच सापडली.

सांत्वनाला येणाऱ्या प्रत्येकाला सासरे सांगत, पोरगा भित्रा, पट्ट्याने घात केला. मी पाणी आणून देत होते. तांब्या सासऱ्यांच्या तोंडावर फेकावा, असं दर वेळी वाटायचं.

यंदा त्यांना ऊन सोसवेना, म्हणून दुरुस्त केलेल्या त्याच ट्रॅक्टरवर त्यांनी पत्र्याचं छप्पर बसवून घेतलं. ते दारात अडलं. गवंडी आला आणि जेवणाच्या आत विटा काढून गेलासुद्धा. सासऱ्यांनी ट्रॅक्टर आत नेला, उतरले, हात झटकले आणि दाराकडे बघत मला म्हणाले,

"केवढंसं काम होतं, बघ."