बिरुदेवाचं चांदीचं चिलखत

"कडी मिटली का न्हाय ते बोटाला इचार, डोळ्याला नगं." हे गोजाबाईंचं कायमचं वाक्य. गिऱ्हाईक पैंजण न्यायला आलेलं असो की नुसतं पाणी प्यायला, ते ऐकल्याशिवाय त्याची सुटका नसे.

वैरागात त्यांचं चांदीकामाचं दुकान आहे. चांदीकाम नवऱ्यानं शिकवलं, पण चिलखत विणणं त्यांचं त्यांनीच साधलं. तार सळईवर गुंडाळायची, कापून कड्या करायच्या आणि कडीत कडी अडकवून चिमट्यानं मिटत जायचं. आधी त्यांनी तालमीतल्या पोरांना मिरवणुकीसाठी लोखंडी तारेची चिलखतं करून दिली. ती घालून पोरं चालली की सुपात ज्वारी ओतल्यासारखा आवाज व्हायचा.

तो आवाज ऐकून माळावरच्या बिरुदेवाचा पुजारी येडू दुकानात आला.

"गोजाक्का, देवाला चांदीचं चिलखत करा. घराघरातनं चांदी गोळा केलीया."

पिशवीत जोडवी होती, वाळे होते, करदोडे होते. सगळी मेंढरं राखणाऱ्या घरांची. अट एकच, यातलं काही उरता कामा नये. ज्याची चांदी उरली त्याचं देवानं घेतलं नाही, असं त्या माळावर मानतात.

गोजाबाईंनी सगळी चांदी एकत्र वितळवली, तार ओढली, देवळात जाऊन दोरीनं देवाचं माप घेतलं आणि हिवाळाभर विणलं. तयार चिलखत हातावर घेतलं की पाण्यासारखं ओघळायचं.

जत्रेच्या आदल्या सकाळी येडूनं ते देवाला घातलं. ते खांद्यावरून घसरलं आणि सरळ पायाशी जाऊन बसलं. देव जणू आंघोळीला निघाला होता.

गोजाबाईंनी देवाकडं नीट पाहिलं आणि कपाळावर हात मारला. वर्षानुवर्षं चढलेली शेंदराची जाड खोळ उतरवलेली होती. आतला देव चांगलाच सडपातळ निघाला होता.

"येड्या, खोळ काढलीस व्हय रं?"

"पाच-सात सालांनी काढतोच की आमी."

"मग मला सांगायचं न्हाईस?"

"तुमी इचारलं कुटं? तुमी बोटाला इचारलं, बोटानं शेंदराचं माप सांगितलं!"

देवळात जमलेल्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. गोजाबाईंनाही हसू आलं. फक्त काशम्मा हसली नाही. अक्कलकोटकडून लग्न होऊन या माळावर आलेली म्हातारी. चिलखतात तिच्या आईची जोडवी होती.

"आता तू कड्या काढणार. माज्याच निघाल्या तर?"

"अगं, समदी चांदी एक झालीया. तुजी कंची ते मला तरी कुटं ठावं?"

"म्हणूनच सांगते, एक बी भाईर ठिवू नगंस."

दुसऱ्या दिवशी पालखी निघणार होती. गोजाबाई देवळाच्या पायरीवर पाय पसरून बसल्या.

"कापडाला कात्री लागती काशम्मा, ह्याला चिमटा पुरतो. परात धर."

त्यांनी दोन्ही कुशीतल्या कड्या उघडत दोन पट्टे वेगळे केले. निसटलेली कडी परातीत टिणकन वाजली की काशम्मा वाकून बघायची. मग बाजू जुळवून मिटल्या आणि ते पट्टे परातीतल्या कड्यांसकट खालच्या काठाला विणले. ऊन कलेपर्यंत परात रिकामी झाली.

या वेळी चिलखत खांद्यावर बसलं आणि देवाच्या पावलांपर्यंत पोचलं.

"देव लई उंच दिसतोय की!" म्हणत येडूनं मोबाइल काढला.

काशम्मा वाकली आणि नव्या काठावरून सावकाश बोट फिरवू लागली. एका जागी थांबली.

"गोजे, हितं टोचतंय. ही मिटली न्हाय."

गोजाबाईंनी बोट लावलं. खरंच, एक कडी केसभर उघडी होती. त्यांनी चिमट्यानं ती दाबली.

"हीच माजी," काशम्मा म्हणाली, आणि आता कुठं हसली.

"आसंल," म्हणून गोजाबाईंनी चिमटा कमरेला खोवला, देवाला हात जोडले आणि वैरागच्या वाटेला लागल्या. येडू फोटो काढण्यात गुंतला होता. त्यांना जाताना पाहिलं ते काशम्मानं, एक बोट अजून त्या कडीवर ठेवून, गोजाबाई बाभळींच्या आड होईपर्यंत.