पदराआडचं ऊन

लोहाऱ्याच्या स्टँडवर मुरुम गावाला जाणाऱ्या जीपमध्ये चढताना ती पायरीशीच अडली. विशीतली पोरगी. डोळे सोडून सगळा चेहरा ओढणीत गुंडाळलेला, हातांत कोपरापर्यंत मोजे. पाय उचलायची, मांडी दाबून धरायची आणि पुन्हा खाली ठेवायची. ड्रायव्हर हॉर्नवरचा हात काढेना.

"चढ की! लोकं बघायलेत," तिची आई दबक्या आवाजात खेकसली.

मी आतून हात दिला, तर तिनं सगळा भार माझ्या मनगटावर टाकला.

"गुडघा मुरगळलाय," मी न विचारताच आईनं सांगून टाकलं.

जीप सुटल्यावर पोरीनं ओढणी सैल केली. "मुरगळला न्हाय, मावशी. व्हिटॅमिन डी लई कमी हाय. हाडं दुखायलेत. डॉक्टर म्हणले, रोज उन्हात बस. आई म्हणती, पाहुणे पसंत करून गेल्यावर बस."

ज्या मुलखात सावलीला झाड शोधावं लागतं, तिथं या पोरीला ऊन मिळत नव्हतं.

वळणावर खिडकीतून ऊन थेट तिच्या गालावर आलं. तिनं डोळे मिटले. आईनं झटक्यात पदर आडवा धरला. मुरुम येईपर्यंत आईनं पदर खाली घेतला नाही.