चार प्रोसेसर आणि शेखसाहेबांचा प्रोग्रॅम

कारखान्याच्या कॉम्प्युटर रूममध्ये चार-पाच हंगाम काढले, की किस्से गोळा करावे लागत नाहीत. शेतातल्या पाचटासारखे आपोआप साचतात. माझे बहुतेक शेखसाहेबांभोवतीच साचलेत.

भूमकडच्या आमच्या साखर कारखान्यात उसाच्या गाड्यांना नंबर देणारा प्रोग्रॅम शेखसाहेबांनी एकट्यानं लिहिलेला. वर्षानुवर्षं बिनतक्रार चालला. मग चार प्रोसेसरचं नवं मशीन आलं, आणि पहिल्याच सकाळी दोन्ही गेटवर एकच नंबर निघाला!

"नंबर माझा हाय!"

"मग ह्यो काय आभाळातून पडला?"

दोन्ही गाडीवान खरं बोलत होते, हीच पंचाईत.

शेखसाहेबांनी दोन्ही गेटच्या पावत्या शेजारी-शेजारी ठेवून बघितल्या. मग म्हणाले, "जुन्या मशीनमधी एकच कारकून होता म्हणा. एका टायमाला एकाच गेटचं काम. आता चार हायेत. दोघांनी एकदमच शेवटचा नंबर वाचला, अन् दोघांनी तोच पुढचा दिला. मशीन बरोबर हाय. चूक माझ्या प्रोग्रॅमची." त्यांनी प्रोग्रॅम एकाच प्रोसेसरवर बांधून टाकला. लगेच सुतासारखा सरळ!

*

मशीन बंद करून चालू केलं, की ही बांधणी सुटायची. म्हणून रोज सकाळी स्क्रीनवर तीन प्रोसेसरपुढच्या खुणा हातानं काढायच्या, हा आमचा रिवाजच. ऑपरेटर जगतापबाई आल्या आल्या विचारायच्या, "बसवलं का तिघांना खाली?" त्याआधी गेट उघडायची कुणाची टाप नव्हती.

*

एकदा चेअरमन आले. स्क्रीनवर एक रेघ वर-खाली नाचतेय, तीन आडव्या पडलेल्या.

"आं? चार घेतले अन् एकच राबतोय?"

जगतापबाई शांतपणे म्हणाल्या, "साहेब, आमच्या घरी बी तसंच हाय."

चेअरमन अर्धाच चहा पिऊन उठले.

*

नव्या ऑफिसरनं तर ते तीन प्रोसेसर नादुरुस्त समजून थेट तक्रारच केली! सोलापूरहून मेकॅनिक आला, मशीन उघडून बसला. शेवटी वैतागून म्हणाला, "तिन्ही ठणठणीत हायेत. त्यांना काम द्या की!"

आम्ही पोट धरून हसलो. शेखसाहेब हसले नाहीत. "त्याचं खरंय," एवढंच म्हणाले.

*

पुढं ऊस वाढला. वजन, हिशेब सगळं त्याच प्रोग्रॅमवर आलं आणि एकटा प्रोसेसर दमायला लागला. स्क्रीन अडायची, बाहेर बैल उन्हात उभे. मग चारही प्रोसेसर वापरणारा नवा प्रोग्रॅम आला. शेखसाहेबांच्या रिटायरमेंटला एकच हंगाम उरला होता. तेवढा तरी त्यांचा प्रोग्रॅम टिकावा असं आम्हा सगळ्यांना वाटत होतं. खरं सांगतो, नवा पहिल्याच दिवशी आपटावा म्हणून मी देवाला हात जोडले होते!

मॅनेजर म्हणाले, "शेखसाहेब, तुम्हीच तपासा. तुम्ही नको म्हणाला, तर नको."

शेखसाहेबांनी दिवसभर दोन्ही गेटवरून नवा प्रोग्रॅम पिदडला. एकही नंबर दुबार निघाला नाही. संध्याकाळी ते गेटपर्यंत जाऊन आले, गाड्यांची रांग बघून आले. जगतापबाई म्हणाल्या, "साहेब, नको म्हणा की. कोण इचारतंय?"

शेखसाहेब खुर्ची ओढून बसले आणि आपला प्रोग्रॅम बंद करायचं बटण दाबलं.

स्क्रीनवर प्रश्न आला. कैक वर्षांपूर्वी त्यांनीच लिहून ठेवलेला : 'प्रोग्रॅम बंद करायचा? नक्की?'

शेखसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"व्हय रे बाबा," ते स्क्रीनला म्हणाले, "नक्की."