निळ्या औषधानं गुलाबी झालेली पोर

"हिला पाणी कुठलं पाजता?" सांगलीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पहिलं हेच विचारलं. मी चक्रावले. पोर ओठांपासून नखांपर्यंत निळी पडलेली, आणि ह्यांना पाण्याचं पडलंय!

शोभा दोन महिन्यांची. टायफॉईडनं माझं दूध आटलं, म्हणून तिला डब्याची पावडर पाण्यात कालवून पाजत होते. चार दिवस ओठ निळसर दिसत होते. गावात कुणी थंडी म्हणालं, कुणी दृष्ट. त्या सकाळी ती दूध ओढेना, तशी मी आणि सासूबाईंनी कुंडलहून पहिली एसटी धरली.

डॉक्टरांनी तिच्या रक्ताचा थेंब टिपकागदावर घेतला. शेजारी स्वतःच्या बोटाला सुई टोचून आपला थेंब ठेवला. त्यांचा लाल, माझ्या लेकीचा काकवीसारखा तपकिरी.

"मेथेमोग्लोबिनेमिया," ते म्हणाले. मग सोपं करून सांगितलं. रक्त अंगभर प्राणवायू पोचवतं. पाण्यात नायट्रेट फार असलं, की तान्ह्या बाळाचं रक्त ते काम सोडून देतं. हे नायट्रेट खतातून, उकिरड्यातून विहिरीत झिरपतं. आमची विहीर उसाच्या मधोमध, आणि उकिरडा काठालाच.

"पर मी उकळून देत हुते की. पार निम्मं आटवून."

"उकळून जंतू मरतात. नायट्रेट मरत नाही. आटवलं की उलट वाढतं."

माझ्या आटवलेल्या पाण्याचा मला कोण तोरा! आणि मीच माझ्या हातानं पोरीला दुप्पट विष पाजलं होतं. पदर तोंडात कोंबून रडले.

त्यांनी शिरेतून मेथिलीन ब्लू सोडायला घेतलं. दौतीतल्या शाईसारखं गर्द निळं औषध.

"आधीच निळी पोर, त्यात आनि निळंच घालत्यात व्हय?" सासूबाई पुटपुटल्या.

मी शोभाचं पाऊल धरून बसले. अर्धा तासही झाला नसेल. आधी जीभ, मग ओठ, मग एकेक नख गुलाबी होत गेलं. माझ्या डोळ्यांदेखत. असं काही मी जन्मात पाहिलं नव्हतं, आजही सांगताना अंगावर काटा येतो. मग ती रडली, लय मोठ्यांदा. सासूबाईंनी चक्क त्या सुईला हात जोडले. दुसऱ्या दिवशी औषध लघवीवाटे उतरून लंगोट हिरवेनिळे झाले, तेव्हा म्हणाल्या, "रंगपंचमी करतीया बया."

घरी सोडताना डॉक्टरांनी विचारलं, "घरात आधी कुठलं बाळ असं गेलं होतं का?"

गेलं होतं. थोरल्या जाऊबाईंचं, वर्षापूर्वी, असंच निळं होऊन. त्यालाही वरचं दूध आणि तेच पाणी. सगळ्यांनी जाऊबाईंच्या कुशीला बोल लावला. सासूबाई त्यांना शोभाला हातसुद्धा लावू देत नव्हत्या. आता सासूबाईंनीच घरी निघायची घाई लावली.

बायांनो, अंगावर दूध असेल तर तेच द्या. वरचं द्यावं लागलं, तर उसातल्या विहिरीचं पाणी वर्षाच्या आतल्या बाळाला नको, उकळूनही नको. ओठ निळे दिसले की दृष्ट काढत बसू नका, दवाखाना गाठा.

घरी पोचलो. जाऊबाई दारापासून लांब, गोठ्याजवळ उभ्या होत्या. सासूबाईंनी शोभाला माझ्याकडून घेतलं आणि थेट त्यांच्याकडे गेल्या.

"घे हिला. तुजं लेकरू पान्यानं गेलं गं. तुज्यामुळं न्हाई. माजं चुकलं."

जाऊबाईंनी शोभाला घेतलं, तिचे ओठ निरखून पाहिले. मग तिथंच खाली बसून, वर्षभर कुणी रडू न दिलेलं रडल्या.